जावयाची गोळी

घरात गोळ्यांना औषधांची नावं नव्हती. ती नावं लांबलचक, घेताना जीभ अडखळायची. म्हणून एक थोरल्याची गोळी, एक लेकीची आणि एक जावयाची. रक्तदाबाची तेवढी नुसती ‘डॉक्टरांची’, कारण ती जुन्या डॉक्टरांनी दिलेली होती आणि तिची बाजू घेणारं घरात कोणी नव्हतं.

या सगळ्या ज्यांच्या पोटात जायच्या, ते बाबा घड्याळं दुरुस्त करत. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं की उजेड बाहेर जाई. भिंतीवरच्या घड्याळांचं एकमेकांशी कधी पटलं नाही, पण बाबांशी सगळ्यांचं पटे. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून केसासारखी कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवताना त्यांना जगाचा विसर पडायचा, आणि जग अलीकडे जसं चाललं होतं ते पाहता ही मोठीच सोय होती.

पण आता जगाबरोबर बाकीचंही विसरायला लागलं होतं.

झालं ते असं. डॉक्टरांच्या गोळीने रक्तवाहिन्या सैल झाल्या, दाब उतरला आणि पाय सुजले. थोरल्याने पाय पाहिले आणि बाबांना आपल्या साहेबांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी दिली. पाणी असं निघायला लागलं की बाबा खुर्चीवर टेकले की उठायचे. मग लेकीला बापाची दया आली. तिच्या मैत्रिणीच्या डॉक्टरांनी मूत्राशयाला गप्प बसवणारी गोळी दिली. मूत्राशय गप्प बसलं, पण त्याच्या जोडीला तोंड कोरडं पडलं, पोट गच्च झालं, जवळचं धूसर दिसायला लागलं आणि ओळखीची नावं ओठांवर येऊन परत जायला लागली. तेव्हा जावई पुढे सरसावले. मेंदूचे एक मोठे डॉक्टर त्यांचे शाळासोबती. त्यांनी स्मरणशक्तीची गोळी दिली. तिने स्मरणशक्तीचं काय झालं ते आठवत नाही, पण लघवी पुन्हा वाढली. लेकीने आपल्या गोळीचा डोस वाढवून आणला.

प्रत्येक डॉक्टरांनी विचारलं होतं, “आणखी काही औषधं चालू आहेत?” आणि सोबत आलेल्या प्रत्येकाने सांगितलं होतं, “बाकी किरकोळ आहेत.” आपल्या डॉक्टरांपुढे दुसऱ्याच्या डॉक्टरांचं नाव कोण काढणार? त्यात कमीपणा येतो.

शेवटी बाबांनी एका बाईंचं घड्याळ दुसऱ्या बाईंना दिलं. दोघींनी एकाच दिवशी दुकान डोक्यावर घेतलं. दुकान कागदोपत्री थोरल्याच्या नावावर होतं. त्याने शांतपणे, म्हणजे बापाकडे न बघता सांगितलं, “बाबा, आता पुरे. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा मागतोय. पुढच्या महिन्यात सगळे जमलो की ठरवून टाकू.”

“मी दिवसभर करू काय?”

“आराम.”

बाबांना ही शिक्षा नेमकी कोणत्या गुन्ह्याची, ते कळलं नाही.

त्याच आठवड्यात जुने डॉक्टर घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानात आले. बाबा पट्ट्याची बारीक पिन भोकात घालत होते, ती जाईना. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

“दिसत नाही हो.”

“काय काय घेता सध्या?”

“तुमची, थोरल्याची, लेकीची, जावयाची.”

“मी औषधं विचारली, गोतावळा नाही.”

दुसऱ्या दिवशी आईंनी, म्हणजे बाबांच्या पत्नीने, गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओतल्या. डॉक्टरांनी एकेक उचलून पाहिली. पाहता पाहता त्यांचा चेहरा पडला.

“सुरुवात माझीच आहे,” ते म्हणाले. “पाय माझ्या गोळीने सुजले, हृदयाने नाही. सुजले नसते तर पाण्याची गोळी लागली नसती, ती नसती तर नजर आणि आठवण मंद करणारी लेकीची लागली नसती. आणि लेकीची आणि जावयाची, या दोघी पोटात गेल्या की एक जे बांधते ते दुसरी सोडते.”

“घरातही त्या दोघांचं तसंच आहे,” आई म्हणाल्या.

“मी माझी बदलून देतो. बाकीच्या एकेक करून, तपासत कमी करू. स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही. त्या तिघा डॉक्टरांशी मी फोनवर बोलतो. जावयांशी तुम्ही बोला.”

“त्यापेक्षा ती गोळी मीच खाते.”

डॉक्टरांनी तिघांना फोन केले. तिघांनीही बाकीच्या दोघांबद्दल पहिल्यांदाच ऐकलं आणि लगेच मान्य केलं. मेंदूच्या डॉक्टरांनी फक्त एक विनंती केली, की हे त्यांच्या तोंडून आलं असं जावयांना कळू नये.

सगळे जमले तोवर बाबांचे पाय चपलेत मावत होते. ती मंडळी दुकानातच उभी राहिली, कारण बसायला जागा नव्हती. बाबांनी भिंग लावलं, चिमट्याने कमान उचलली आणि पहिल्या झटक्यात बसवली. घड्याळ चालू झालं.

“बघा,” जावई म्हणाले. “माझी गोळी लागू पडली.”

“तुमची कशी? ते जागेवर बसलेत माझ्या गोळीने,” लेक म्हणाली.

“आणि पायांवर उभे कोणामुळे आहेत?” थोरला म्हणाला.

बाबांनी आईंकडे पाहिलं. आईंनी दाराबाहेर पाहिलं.

“सगळ्यांचाच गुण आला,” बाबा म्हणाले.

थोरल्याची छाती फुलली. बाप आपल्या गोळीने बरा झाला म्हटल्यावर त्याचं दुकान काढून घेणं बरं दिसेना. त्याने कव्हरवाल्याला फोन लावला. तो नंबर व्यस्त लागला. थोरला पुन्हा लावू लागला.

तेवढ्यात जावई म्हणाले, “आता आमच्या दादांनाही हीच सुरू करतो. अधूनमधून चष्मा विसरतात ते.”

बाबांचा हात थांबला. दादा म्हणजे जावयांचे वडील, बाबांचे व्याही, आणि ते चष्मा तरुणपणापासून विसरत होते. ते तोंड उघडणार, तोच पलीकडून कव्हरवाल्याचा आवाज आला. थोरला त्याला समजावत होता, तो ऐकत नव्हता. बाबा कधी नव्हे इतक्या चिकाटीने एक स्वच्छ काच पुसत राहिले.

“नाही म्हणजे नाही. जागा द्यायची नाही,” असं म्हणून थोरल्याने फोन खिशात टाकला.

मग बाबांनी काच खाली ठेवली.

“जावईबापू, व्याह्यांना असलं काही सुरू करू नका. आधी त्यांना आमच्या डॉक्टरांना दाखवा. मी तुमची गोळी घेत नाही. बंद झाली ती.”

“कधी?”

“पंधरवडा झाला. तेव्हापासून नावं आठवतात.”

जावयांनी रुमाल काढला आणि काही पुसायचं नसताना कपाळ पुसलं. लेकीला हसू आवरेना. ती पदर तोंडाशी नेऊन हसली.

बाबा खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळले.

“तू कशाला हसतेस? तुझीही.”