कोटांच्या खोलीतला कोमुझ

मी एक जुना कोमुझ आहे आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी रागावलेला आहे. म्हाताऱ्या वाद्याने गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती आज पुरी होणार नाही.

किर्गिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर जर्दाळूच्या बागा आहेत. तिथल्या एका वठलेल्या झाडाच्या बुंध्यातून एसेनकुल नावाच्या मेंढपाळाने मला कोरून काढले. तीन तारा चढवल्या आणि लग्नकार्यांत मला वाजवले. लोक वाहवा करीत. मरताना त्याने मला मुलाला, कुबातला, दिले नाही. मुलीला दिले, कारण तिचा हात चांगला होता. तिचे नाव सायराकान.

सायराकान एकदा फार आजारी पडली. काराकोल शहरातल्या इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला येशूची गोष्ट सांगितली आणि ती त्याच्यामागे गेली. घरी आल्यावर तिने मला मांडीवर घेतले आणि हरवलेल्या मेंढरासाठी कडेकपारी धुंडाळणाऱ्या मेंढपाळाचे गाणे रचले, आपल्या किर्गिझ बोलीत. हेच आपले पाचारण, याचसाठी देवाने आपल्याला गळा दिला, अशी तिची खात्री पटली.

कुबातला हे कळले. बापाचे वाद्य परक्या देवापुढे वाजवायला लाज कशी वाटत नाही, असे त्याने विचारले. ती माझ्या तारा जुळवत राहिली, त्यामुळे तो जास्तच भडकला. त्याने मला उंबऱ्यावर आपटले. माझी मान मोडली.

सायराकानने सरस उकळला, मान जोडली, सुतळीने आवळली आणि लाकूड धरेपर्यंत वाट पाहिली. मी आतून जळत होतो. भावाला दोन शब्द सुनवायला हिचे काय जात होते?

शहरातल्या प्रार्थनाघरात आपले स्वागत होईल, असे तिला वाटले होते. तिथले पाळक अर्काडी सज्जन होते, म्हणूनच मला त्यांचा अधिक राग येतो. ते म्हणाले, "भगिनी, हे लग्नातल्या दारूच्या बैठकीतलं वाद्य. देवाच्या घरात नको. आणि गाणी आपण रशियनमध्येच म्हणतो ना?"

तिने मला बाहेरच्या खोलीत ओल्या कोटांमध्ये खुंटीला टांगले आणि ती आत गेली. पुढच्या रविवारी मला पुन्हा घेऊन आली. बसमधून, मांडीवर धरून. कोटांच्या खोलीत बसून सूर लावायचा, पाळकांना विचारायचे, त्यांनी मान हलवायची, आणि मग पुन्हा खुंटी. अशी वर्षे गेली, मित्रांनो.

फरशी पुसणाऱ्या पावलिना मावशींनी एकदा तिला म्हटले, "कशाला वाहतेस गं हे ओझं? ते काही हो म्हणायचे नाहीत."

"दार उघडणं देवाकडे, मावशी," सायराकान म्हणाली. "सूर लावून ठेवणं माझ्याकडे. दार उघडलं आणि तार उतरलेली निघाली, तर दोष कुणाला देऊ?"

मला ते बोलणे आवडले नाही. मला ते दार लाथेने उघडायला हवे होते.

एका हिवाळ्यात डोंगरावरची एक म्हातारी प्रार्थनेला आली. तिचा मुलगा नुकताच वारला होता. रशियन गाण्यांतला एकही शब्द तिला कळेना. ती मध्येच उठली आणि डोळे पुसत बाहेर येऊन बूट शोधू लागली. सायराकान तिच्यामागे आली. म्हातारीची नजर माझ्यावर पडली.

"हा कुणाचा गं? माझा पोरगा वाजवायचा असला."

सायराकानने मला खुंटीवरून काढले आणि ते मेंढपाळाचे गाणे म्हटले. एका पायात बूट, दुसरा हातात, अशी ती म्हातारी बाकावर बसून राहिली. गाणे संपल्यावर म्हणाली, "परत म्हण."

आतली स्तोत्रे थांबली होती. पाळक अर्काडी दारात आले. आता हा मला हिसकावणार, असे मला वाटले. त्यांनी म्हातारीच्या हातातला बूट पाहिला. मग मोडक्यातोडक्या किर्गिझमध्ये म्हणाले, "आजी, इथं गारठा आहे. आत बसून ऐका."

सायराकानकडे वळून त्यांनी माफी मागितली का? नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. तिनेही त्यांना माफी मागायला लावले नाही. त्या दिवसापासून मी आत वाजू लागलो, आणि डोंगरातली माणसे येऊ लागली. गळा थकेपर्यंत ती गात राहिली.

तिच्या दफनाला कुबात आला. त्याने माझ्या जोडलेल्या मानेवरून बोट फिरवले आणि निघून गेला. तिने त्याला केव्हाच क्षमा केली होती. मी केलेली नाही.

आता प्रार्थनाघरातल्या मंडळींनी मला काचेच्या कपाटात ठेवले आहे. पाहुणे माझे फोटो काढतात. परवा एका गवळणीने मला वाजवू का, असे विचारले, तर तिला सांगण्यात आले की ही जपण्याची वस्तू आहे, हात लावू नका. इकडे माझ्या तारा सडत आहेत, लाकूड तडकत आहे.

मित्रांनो, देवाने दिलेले काम सोडू नका, सायराकानसारखे धरून राहा. पण एखादी सोसते आहे म्हणून तिला ताटकळत ठेवायची मुभा तुम्हाला मिळाली, असे समजू नका. आणि मला हार घालू नका. कुलूप काढा, नव्या तारा चढवा आणि त्या गवळणीला परत बोलवा.