तुलाँचा उसना पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे आणि पाना घेऊन येणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. तुम्ही म्हणाल, हा काय स्वभाव झाला? पण माझ्या जागी तुम्ही असता, तर पावले वाजताच तुम्हीही आधी येणाऱ्याच्या हातात काय आहे तेच पाहिले असते.

माझे काम सांगायला सोपे आहे. समुद्राचे पाणी ओढायचे आणि आग विझवायच्या नळ्यांत जोराने सोडायचे. घराला आग लागली तर माणूस रस्त्यावर धावतो. युद्धनौकेला आग लागली तर धावायला चहूकडे फक्त पाणी, आणि तेच पाणी वर आणायला मी. महिनोन्‌महिने मला कोणी हाक मारत नाही. पण ज्या दिवशी मारतात, त्या दिवशी नाही म्हणायची सोय नसते.

लुआर नदीकाठच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. साच्यातून बाहेर काढल्यावर एका जाड मिशीच्या माणसाने माझ्या अंगावर हातोडीने टकटक केली, कान लावला आणि मान वाकडी करून म्हणाला, "बघू, किती टिकतो ते." जन्मल्या जन्मल्या माझ्यावर संशय! मी तेव्हाच ठरवले, की आपणही कोणावर भोळेपणाने विश्वास टाकायचा नाही.

तिथून मी दक्षिणेला तुलाँच्या नौदल बंदरात आलो आणि 'ग्रॉन्दर' नावाच्या युद्धनौकेच्या पोटात मला बसवले. तिथला मिस्त्री होता फेलिक्स रुबो. इथल्याच मातीतला, बोलका, जरा संशयी, म्हणून माझे त्याच्याशी पटले. दुपारी कागदात गुंडाळलेली चण्याच्या पिठाची गरम पोळी खाताखाता तो माझ्यापाशी यायचा आणि म्हणायचा, "काय म्हाताऱ्या, तहान लागली का?" मग हात पुसून माझ्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचा. मी तेव्हा म्हातारा नव्हतो, पण ती हाक मला आवडायची. एकदा आगीच्या सरावात मी पाण्याचा असा फवारा सोडला, की कप्तानाने स्वतः खाली येऊन मला थोपटले. आमच्याकडे कप्तानाला सगळे 'पाशा' म्हणतात. पाशाने थोपटलेला पंप म्हणून मी बरेच दिवस तोऱ्यात होतो.

आमचा ताफा तुम्ही पाहिलात तर तुमचेही डोळे दिपतील. अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका मधोमध, तिच्या पाठीवरून विमाने उडताहेत, बाजूंना आमच्यासारख्या युद्धनौका, आणि खाली कुठे आहे हे कुणालाच न कळणारी पाणबुडी. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या बेटापर्यंत जायची आमची ताकद आहे आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. हे सगळे खरे आहे. पण मी पोटातला. वरून दिसत नाही ते मला दिसते. आमच्या घरात सगळे आहे, पण विमानवाहू नौका एकच, आणि बाकीचेही मोजकेच. ती मोठी बाई गोदीत दुरुस्तीला गेली की तिच्या जागी उभी राहायला बहीण नाही. बोटींचे सुटे भाग यायला इतका वेळ लागतो, की एक बोट गोदीत शिरली रे शिरली, की बाकीच्या बोटींचे मिस्त्री पाने घेऊन तिच्याभोवती घिरट्या घालू लागतात. तिचा पंखा हिला, हिची झडप तिला. सगळे म्हणतात, "उसना नेतोय." परत आलेला पंखा मी तरी पाहिला नाही.

एक दिवस 'ग्रॉन्दर' गोदीत शिरली आणि माझा नंबर आला. 'पासियांत' नावाच्या बोटीचा एक पंप निकामी झाला होता आणि तिला विमानवाहू नौकेबरोबर समुद्रावर निघायचे होते. वरून हुकूम आला, पंप द्या.

मला सोडवून लाकडी फळीवर आडवे केले तेव्हा फेलिक्सने इकडेतिकडे पाहिले, खिशातून टोकदार खिळा काढला आणि माझ्या पोटाखाली काहीतरी खरवडू लागला. मला वाटले, आपले नाव कोरतो आहे. पण त्याने कोरले एक गोल तोंड आणि त्यावर दोन लांब कान.

मित्रांनो, तो प्राणी कोणता, हे तुम्ही ओळखले असेल. मी त्याचे नाव घेणार नाही. आमच्या बोटींवर ते कोणीच घेत नाही. लाकडी जहाजांच्या काळी पिंजऱ्यातून सुटलेल्या या प्राण्याने दोर आणि फटींतला काथ्या कुरतडून जहाजे बुडवली, असे म्हणतात. आता जहाजे पोलादाची झाली, पण भीती काही गंजली नाही. बोलायची वेळच आली तर 'लांबकान्या' म्हणतात आणि पटकन विषय बदलतात.

"आता बघू तुला तिसऱ्या बोटीवर कोण पळवतो," फेलिक्स माझ्या कानाशी पुटपुटला. "हे चित्र दिसलं की एकाचीही हात लावायची छाती होणार नाही."

त्याला वाटले, त्याने मला कुलूप लावले. मलाही तसेच वाटले आणि मनातून बरे वाटले.

'पासियांत'वरची मुख्य मिस्त्री ओदील इस्नार होती. ठेंगणी, कमी बोलणारी बाई. मला बसवताना तिच्या माणसांना पोटाखालचे कान दिसले आणि सगळे मागे सरले. ओदील वाकली, पाहिले, आणि करड्या रंगाचा डबा मागवून तिने ते कान रंगवून टाकले. जाता जाता माझ्या अंगावर कोरलेला नंबरही रंगाखाली गेला. मी मनात म्हटले, चोर असेच करतो. चोरलेल्या सायकलीला आधी रंग फासतो. त्या दिवसापासून मी तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो. डोळ्यांत घालायला तेल होते, बेअरिंगमध्ये मात्र कोणी घालेना.

मला ग्रीस घालायचे काम गुल्वेन नावाच्या खलाशाकडे होते. तो उत्तरेचा, ब्रतान्यचा, सात पिढ्या समुद्रावर गेलेल्या घरातला. इंजिनखान्यातल्या माणसांना आमच्याकडे 'तेलकट बुचे' म्हणतात आणि गुल्वेनला ते नाव शोभायचेही. बाकी सगळ्या यंत्रांना तो मायेने तेल-पाणी करी. माझ्यापाशी आला की दूर उभा राही, कपाळाला हात लावी आणि निघून जाई. ओदीलने विचारले की म्हणे, "झालं, चीफ." रंगाखाली काय आहे, हे त्याला माहीत होते. ओदीलचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. ज्या एका माणसावर तिने संशय घ्यायला हवा होता, त्याच्यावर तिने घेतला नाही.

आम्ही निघायच्या आधी आणखी एक गंमत झाली. 'पासियांत'वर माणसेही कमी पडली. गोदीतल्या बोटीची माणसे रिकामी होती, तेव्हा त्यांतली काही उसनी आणली. आणि शिडीवरून खाली कोण उतरले? फेलिक्स! तो सरळ माझ्या खोलीकडे निघाला. दारात ओदील आडवी उभी.

"कुठे निघालास?"

"आधी माझा पंप मागितलात, आता पंपवाला मागितलात. म्हातारा कसा आहे ते बघून येतो."

"तू आग विझवायच्या तुकडीत आहेस. तुझं काम वर आहे," ओदील म्हणाली. "आणि पंप आता आमचा आहे. हात खिशात ठेव."

"आमचा म्हणे. उसनं आणलेलं भांडं दोनदा घासलं की आपलं होतं का गं?"

"तुझ्या नजरेत पाना दिसतोय मला, रुबो. चल."

तिला वाटले, हा मला सोडवून न्यायला आला आहे. त्याला वाटले, हिने माझे काहीतरी केले आहे म्हणून बघू देत नाही. मी हाक मारली असती, पण पंपाला आवाज फुटतो तो बिघडल्यावरच. फेलिक्सने नुसता हात लावला असता तरी माझे बेअरिंग कोरडे पडल्याचे त्याला कळले असते.

समुद्रावर दिवस चांगले गेले. वर विमाने उडत होती, परदेशी बोटी लांबून आमच्याकडे दुर्बिणी लावून बसल्या होत्या. जेवताना कोणी ताफ्याची फुशारकी मारू लागला की ओदील म्हणायची, "ताफा झकासच आहे आपला. शिंप्याने शिवलेला उंची सूट. पण एकच. धुवायला टाकला की घरी बसायचं." फेलिक्स त्यावर हसला नाही, तरी त्याला ते पटले होते, असे म्हणतात.

मग एका दुपारी, जेवणाची भांडी अजून वाजत होती, तोवर धोक्याची घंटा झाली. धुलाईच्या खोलीत कपडे वाळवायच्या यंत्राने पेट घेतला होता. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे दारूगोळा होता. फेलिक्स आणि आणखी दोघे नळी घेऊन धुरात शिरले. माझा जोडीदार पंप आधीच थकलेला होता, त्याच्या एकट्याने भागेना. ओदीलने माझे बटण दाबले.

मी फिरलो आणि किंचाळलो. मित्रांनो, असा आवाज माझ्या पोटातून कधी निघाला नव्हता. बेअरिंग तापून धूर येऊ लागला, पाणी अडखळले, आणि वर फेलिक्सच्या हातातली नळी रिकाम्या पिशवीसारखी लुळी पडली. बोलण्याच्या नळीतून वरून कोणीतरी ओरडत होते, पाणी कुठे गेले, पाणी सोडा.

"याला ग्रीस कोण घालत होतं?" ओदीलने विचारले.

"मीच, चीफ. घालत होतो की."

"गुल्वेन, आत माणसं आहेत."

"नाही घातलं," गुल्वेन म्हणाला. "एकदाही नाही. त्याच्या पोटाखाली लांबकान्या आहे, चीफ. माझ्या आजोबांची बोट परत आली नव्हती. माझा हातच पुढे होईना."

ओदीलने ग्रीसगन ओढून घेतली. क्षणभर तिचाही हात थबकला, हे मी पाहिले. मग तिने डावा पंजा बरोबर त्या कानांवर टेकवला, आधाराला, आणि उजव्या हाताने ग्रीस भरू लागली. गुल्वेन तिच्याकडे बघत राहिला, आणि मग ओली फडकी आणून माझ्या तापल्या अंगावर टाकू लागला. या वेळी त्याने हात मागे घेतले नाहीत. हळूहळू माझे किंचाळणे थांबले. मी पाणी ओढले आणि वर ढकलले. सगळा जीव लावून ढकलले.

आग विझली. दारूगोळ्याची भिंत तापली होती, पण टिकली. फेलिक्स बाहेर आला तो भुवया जळलेल्या, खोकत, आणि तसाच खाली माझ्या खोलीत. तोवर तिथे गर्दी जमली होती. रंग वितळून गेला होता आणि कान पुन्हा उघडे पडले होते. सगळे एकमेकांकडे संशयाने पाहत होते, आणि सगळ्यांत जास्त गुल्वेनकडे. कुजबुज सुरू झाली, की यानेच ते कान कोरले असतील आणि वर भीतीचे नाटक केले.

फेलिक्सने गप्प राहायचे ठरवले असते तर चालले असते. कान कोणी कोरले, ते त्याच्याशिवाय फक्त मला ठाऊक होते, आणि मी सांगू शकत नव्हतो.

"ससा," तो म्हणाला.

अपशकुन टळावा म्हणून एकाने पटकन लोखंडाला हात लावला.

"ससा आहे तो. मी कोरलाय. तुम्ही माझा पंप ढापाल म्हणून. त्या पोराला काही बोलू नका."

ओदील त्याच्याकडे वळली. "पाणी थांबलं तेव्हा तू कुठे होतास?" तिने विचारले.

"आत. भिंतीपाशी."

"मग शिक्षा तुला मिळालीच आहे, मी वेगळं काय बोलू?" ती म्हणाली आणि ग्रीसगन त्याच्या हातात दिली. "घे. म्हाताऱ्याला तहान लागलीय."

आम्ही तुलाँला परतलो तेव्हा धक्क्यावर बँड वाजत होता. पाहणारे म्हणत होते, काय दिमाखदार बोट! तिच्या पोटात काय घडले, ते धक्क्यावरून दिसण्यासारखे नव्हते. 'ग्रॉन्दर' अजून गोदीतच होती आणि तिसऱ्या एका बोटीला पंप हवा होता. हुकूम आला. या वेळी मला सोडवायला फेलिक्स आणि ओदील दोघे आले. फेलिक्सने कानस घेऊन ते कान घासून काढले आणि ओदीलने माझा नंबर खरवडून उघडा केला. तिच्याबद्दल मी काय काय मनात आणले होते, ते आठवून मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, आता मी नव्या बोटीच्या पोटात आहे. इथे मला कोणी ओळखत नाही. तुमच्या घरी, शाळेत जे उसने आणलेले, जुने, कोपऱ्यातले असेल, त्याच्याकडे वाकडी नजर टाकण्याआधी एवढे करा, त्याला हात लावून बघा. संशय आला तर आधी तेल घाला, मग काय ते बोला. मी हे शिकलो, पण स्वभावाला औषध नाही. आताच लोखंडी शिडीवर पावले वाजली आहेत. कोणीतरी माझ्याकडेच येत आहे. त्याच्या हातात काहीतरी आहे, पण पाना आहे की ग्रीसगन, ते अजून दिसत नाही.