पलीकडच्या सीटवरून

"काका, क्लच! क्लच दाबा आधी!"

काकांनी नुसताच ब्रेक दाबला. गाडीने एक आचका दिला आणि ऐन चौकात मान टाकली. मागे हॉर्नचा गलका उठला. एक ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन काहीतरी बोलला. सुदैवाने ते ऐकू आलं नाही.

"वाजवू द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या. "तेही काही आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. न्यूट्रल करा. सेल्फ मारा. हं, आता सावकाश."

ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमना ओळखणारे सगळे मॅडमच म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, आखूड केस, खणखणीत आवाज. वडिलांनी सुरू केलेली शाळा त्यांच्या माघारी मॅडमनी एकहाती चालवली होती. घाबरट, उतावळे, सासूशी भांडून आलेले, नवऱ्यापासून लपून आलेले, सगळ्या प्रकारचे लोक त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकून गेले होते. पण सत्तरी पार केल्यावर शिकायला आलेले काका पहिलेच.

काकांनी आयुष्यभर एका मासिकात कथा निवडण्याचं काम केलं होतं. लोकांनी पाठवलेल्या कथा वाचायच्या, छाटायच्या, बहुतेक परत पाठवायच्या. गाडी काकू चालवायच्या आणि काका शेजारी बसून कथा वाचायचे. आता काकूंची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी त्यांना गाडी सोडायला लावली होती.

"जन्मभर तिने मला फिरवलं," काका पहिल्या दिवशी म्हणाले होते. "आता माझी पाळी. तिला सांगितलं तर हसली. म्हणाली, आधी बाजूचा आरसा कुठे असतो ते शोध."

मॅडमनी मात्र भलताच मुद्दा पकडला. "म्हणजे तुम्हाला कथांमधलं कळतं?"

"थोडंफार."

"मी एक लिहिलीय."

काकांनी सुस्कारा सोडला. "प्रत्येकाने एक लिहिलेली असते, मॅडम."

"असेल. माझी चांगली आहे."

त्या चौकातल्या फजितीनंतर गाडी बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानात आली. तिथे मॅडम रिव्हर्स शिकवायच्या. आज मात्र त्यांनी गाडी झाडाखाली उभी करायला लावली आणि पर्समधून घडी केलेले कागद काढले. "माझं शिकवून झालं. आता तुमचं."

काकांनी चष्मा बदलला आणि वाचायला घेतलं. मॅडम समोर बघत राहिल्या. त्यांना कौतुकाची खात्री होती, त्यामुळे धाकधूक अशी नव्हतीच. वाचता वाचता काकांनी खिशातून पेन्सिल काढली, तेव्हा मात्र मॅडम वळून कागदांकडे बघायला लागल्या.

"भाषा जिवंत आहे," काका शेवटी म्हणाले. "पण पहिली दोन पानं तुम्ही नुसता सेल्फ मारताय. गाडी हलतच नाही. आकाश, ढग, विरह, नियती. कथा तिसऱ्या पानावर सुरू होते, भाऊ दारात येऊन ओरडतो तिथे."

"बरं. दोन पानं काढू. पुढे?"

"पुढे हा भाऊ. 'क्रूर, पाषाणहृदयी, लोभी.' एका वाक्यात तीन शिव्या. दारातून येतो, ओरडतो, निघून जातो. हा माणूस नाही मॅडम, हा हॉर्न आहे."

मॅडमना हसू यायला हवं होतं. आलं नाही. "तो तसाच आला होता. तसाच ओरडला. मी खोटं नाही लिहिलेलं."

मग त्यांनी खरी हकीकत सांगितली. वडील झोपेत गेले आणि पंधरा दिवसांत मॅडमच्या थोरल्या भावाने, दादाने, दोन्ही गाड्या आणि शाळा विकायला गिऱ्हाईक आणलं. वडिलांच्या हाताखाली दादा दुसऱ्या गाडीवर शिकवायचा, मॅडम ऑफिस सांभाळायच्या. त्यांनी विकायला साफ नकार दिला. दादा दारात उभा राहून ओरडला, "सांभाळ तुझी शाळा! मी या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही." आणि त्याने शब्द पाळला. परगावी पंपांच्या कारखान्यात नोकरी धरली. इतकी वर्षं झाली, फोन नाही, काही नाही. वहिनीचा मात्र वर्षाकाठी एखादा निरोप यायचा.

"का विकायची होती त्याला?" काकांनी विचारलं.

"का म्हणजे? पैसा दिसला."

"त्याने तसं सांगितलं?"

"न सांगायला काय झालं? दिसत होतं."

"तुमच्या सीटवरून दिसत होतं," काका म्हणाले. "पलीकडे बसून बघा एकदा. त्याच्या बाजूने लिहा."

"त्याच्या बाजूने?" मॅडमचा आवाज चढला. "मी राबले, मी टिकवली, आणि बाजू त्याची घेऊ?"

"बाजू घेऊ नका. बाजूला बसा."

मॅडमनी किल्ली फिरवली. "रिव्हर्स टाका," त्या म्हणाल्या. "आणि आरशात बघा, माझ्याकडे नको."

पुढचे काही दिवस त्यांनी कथेचं नाव काढलं नाही. पण घरी जेवणाचं ताट सारलं, की त्या टेबलाशी बसत. दादाला पगार पुरत नव्हता, असं लिहून पाहिलं. वाचल्यावर ते खोटं वाटलं, कारण दादाने कधी कोणापुढे हात पसरला नव्हता. मग दुसऱ्या टोकाला गेल्या. बहिणीचं लग्न व्हावं, तिने आयुष्यभर रस्त्यावर राबू नये म्हणून भाऊ शाळा विकायला निघतो, असं लिहिलं. लिहिताना स्वतःच रडल्या आणि सकाळी डोळे सुजवून ते कागद काकांपुढे धरले.

काकांनी वाचलं. "आता तुम्ही याला देव केलात. आधी शिव्या होत्या, आता आरती. खाली उतरवा त्याला. जमिनीवर."

"मग करू काय मी?" मॅडम कातावल्या. "मला माहीतच नाही तो का गेला!"

"हं," काका म्हणाले. "हे पहिलं खरं वाक्य. आता ठाऊक नाही असं धरूनच विचार करा. तो कसा चालायचा? काय आवडायचं नाही त्याला? गप्प कधी बसायचा?"

"दादा गप्पच असायचा. ओरडला तेवढा एकदाच."

हे बोलल्यावर मॅडम स्वतःच थबकल्या. इतकी वर्षं त्या ओरडणं धरून बसल्या होत्या. बाकीची तीस-पस्तीस वर्षं दादा गप्पच होता, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

दरम्यान काकांची परीक्षा झाली. रिव्हर्समध्ये खांब पाडून ते नापास झाले. घरी काकूंना सांगताना म्हणे त्यांनी खांबाला दोष दिला. मॅडमनी त्यांना पुन्हा मैदानात आणलं. "एकदा नापास झालेला माणूस मला आवडतो," त्या म्हणाल्या. "तो ऐकतो." काका म्हणाले, "लेखकांबद्दल माझंही तेच मत आहे."

मग एका रविवारी, दुपारची जेवणं आटपल्यावर, मॅडमनी एका बैठकीत कथा लिहून काढली.

त्यांचे वडील अनवाणी शिकवायचे. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, तो चपलेतून नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही गोष्ट खरी होती. मॅडमनी पुढचं रचलं. वडील गेल्यानंतर कथेतला भाऊ पहिल्यांदा त्यांची गाडी बाहेर काढायला जातो. आधी वडिलांच्या शिकवायच्या सीटवर बसून बघतो. पाय आत सरकवतो तर पायाला काहीतरी लागतं. वाकून बघतो. सीटखाली वडिलांच्या चपला. एकीची टाच झिजलेली, दुसरीवर चिखल वाळलेला. तो त्या उचलत नाही. दार हळूच लावतो, घरात येतो, किल्ली टेबलावर ठेवतो आणि बहिणीला म्हणतो, "विकून टाकू." ती विचारते, "का?" आणि त्याला सांगता येत नाही, म्हणून तो ओरडतो. शेवटी भाऊ निघून जातो. बहिणीला काही कळत नाही. ती दुसऱ्या दिवशी गाडी काढते, चपला कोपऱ्यात सारते आणि शिकाऊ माणसाला म्हणते, "चला, बसा."

काकांनी वाचून कागद मांडीवर ठेवले. बराच वेळ त्यांनी चष्मा बदललाच नाही.

"पेन्सिल?" मॅडमनी विचारलं.

"घरी राहिली." काकांचा हात खिशावर होता आणि पेन्सिलीचं टोक बाहेर दिसत होतं. "हे चपलांचं घडलं होतं?"

"नाही. मी घातलं."

"मग आता घडलं," काका म्हणाले.

मॅडमना वाटलं, आता काका आपल्या जुन्या मासिकाला दोन ओळी लिहून देतील. त्यांनी तसं विचारलंही. काकांनी मान हलवली. "माझ्या शब्दावर छापली, तर ती तुमच्या बळावर उभी राहिली की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पोस्टात टाका."

"अहो, तुमच्या परीक्षेच्या वेळी मी त्या साहेबाला ओळखत होते. सांगितलं मी काही?"

"तेच म्हणतोय मी."

मॅडमनी कथा पोस्टात टाकली. पहिल्या मासिकाने परत पाठवली. त्यांनी पाकीट बदललं, कागदांच्या दुमडलेल्या कडा सरळ केल्या आणि दुसरीकडे धाडली. कथा चांगली आहे हे आता त्यांना ठाऊक होतं. पहिल्या वेळेसारखं नुसतं वाटत नव्हतं. कुठे काय काढलं आणि का काढलं हे त्या कोणालाही सांगू शकल्या असत्या. दुसऱ्या मासिकाने ती छापली, एक स्वल्पविरामही न बदलता.

काका दुसऱ्या खेपेला पास झाले. परवाना हातात पडल्याच्या आठवड्यातच ते काकूंना गाडीत घालून शाळेच्या दारात हजर झाले. काकूंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मॅडम खिडकीशी वाकल्या.

"कशी काय चालवतात गाडी?"

"गिअर उशिरा टाकतात," काकू म्हणाल्या. "कानाला कळतं मला. पण वाटेत काय काय दिसतं ते सगळं सांगतात. कोणत्या झाडाला पालवी आलीय, कोणाचं घर रंगवलंय. फक्त विशेषणं फार लावतात."

काकांनी घाईघाईने पहिला गिअर टाकला. गाडी आचका न देता निघाली आणि कोपऱ्यावर वळताना सिग्नलही दिला गेला. मॅडम ती दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभ्या होत्या.

मासिक येऊन महिना होत आला असेल. मॅडम एका नर्सला शिकवत होत्या. ड्यूटी संपवून आलेली, दमलेली, तरी हट्टाने रोज येणारी बाई. फोन वाजला. नंबर अनोळखी होता. गाडीत फोन घ्यायचा नाही हा त्यांचाच नियम, म्हणून त्यांनी तो कट केला. पुन्हा वाजला. "बाजूला घ्या," त्यांनी नर्सला सांगितलं. गाडी कडेला थांबली तेव्हा त्यांनी फोन कानाला लावला.

"चिमे?"

या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. म्हणजे, एकच उरला होता.

"बोल दादा."

"तुझ्या वहिनीने गोष्ट वाचायला दिली." दादाचा आवाज बारीक झाला होता. म्हातारा झाला होता तो. "बाबांच्या अनवाणी पायावरून ओळखलं तिने."

"हं."

"चपलांचं कसं कळलं तुला?"

"कळलं नाही रे. चपला नव्हत्याच. मी रचलं ते. गोष्टीत रचावं लागतं."



"रचलंस," दादा म्हणाला. "असं कसं रचलंस? अंगठा तुटला होता उजव्या चपलेचा. तांब्याची तार गुंडाळली होती त्यांनी. मी म्हटलं होतं, नवी आणतो. तर नको म्हणाले. जाताना त्या मी तशाच घेऊन गेलो."

मॅडमचा हात डॅशबोर्डवर गेला आणि तिथेच राहिला. "दादा, तारेचं मी लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलंस?"

"नाही."

"तुझ्या वहिनीलाही कधी सांगितलं नव्हतं मी." मग दादाने घसा खाकरला. "पण चिमे, तो तुझा माणूस निघून जातो ना शेवटी. जातो कुठे? ते काही तू लिहिलं नाहीस."

"मला माहीत नव्हतं, दादा."

"मग मी सांगतो."

नर्स दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसली होती. तिने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, गाडी बंद करू?"

मॅडमनी मान डोलावली. नर्सने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि दादाचा आवाज एकदम स्वच्छ ऐकू यायला लागला.