घरच्यांची, दारच्यांची

सर्वेशला दृष्टच लागली होती, दुसरं काय! सात वर्षांचं बडबडं पोर कोपरीच्या लग्नाहून आलं ते गप्पच झालं. हाक मारली की दचकायचं, झोपेत अंथरूण ओलं करायचं, आणि दुपारभर पाण्याच्या ड्रममागच्या फटीत जाऊन बसायचं. लग्नात कुणीतरी बाईने 'काय गोड आहे गं' म्हणून त्याचे गाल ओढलेले. तिला आजी, म्हणजे बापाची आई शालन, उठताबसता शिव्या घालत होती.

त्याची आई विनिता, तिचा तर जीव टांगणीला लागला होता. आपलं बोलकं लेकरू आपल्याला परत मिळतंय की नाही, एवढंच डोक्यात. मारायची ती, नाही असं नाही. पाढा चुकला, नळाला पाणी आलेलं सांगितलं नाही, की पाठीत धपाटा, नाहीतर लाटणं. पण त्याला मार कोण म्हणतं? दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या चाळीत सगळीच पोरं अशी वळणाला लागायची. लग्नातसुद्धा सरबत सांडलं म्हणून तिने सगळ्यांदेखत त्याला एक ठेवून दिलेली. ते ती विसरूनही गेली होती.

तिन्हीसांजेला शालनने नातवाला पाटावर बसवलं. "माझे गुडघे मेले वाकत नाहीत. आणि आईच्या हाताने लवकर उतरते. तूच काढ."

खाडीवरून वारा येत होता. दिवे लागायचे होते, आणि उदबत्तीच्या धुरात ती एवढीशी खोली हळूहळू कुठेतरी तरंगत निघाल्यासारखी वाटत होती. विनिताला गुंगीच आली. दोन्ही मुठींत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन ती लेकापुढे उभी राहिली. त्या उजेडात तो किती इवलासा दिसत होता!

"घरच्यांची, दारच्यांची, आल्यागेल्याची..." म्हणत तिने मुठी उचलल्या.

सर्वेशने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "मी नाही सांडलं, आई! मी नाही!"

मुठी तशाच हवेत राहिल्या. धुरात विनिताला भलतंच दिसायला लागलं. पाटावर तीच बसली होती, दोन वेण्यांची, आणि समोर तिचे बाबा कमरेचा पट्टा काढत होते. तीही हात डोक्यावर घेऊन रडत होती, मी नाही बाबा, मी नाही. तिने डोळे गच्च मिटून उघडले. पाटावर पुन्हा सर्वेश. अगं बाई, हे मी केलं!

"थांबलीस काय? म्हण की पुढे," शालन म्हणाली.

"पुढे कुणी नाही, आई. घरच्यांचीच आहे. माझीच लागलीय त्याला."

शालनने उदबत्तीची राख झटकली. मग हळूच म्हणाली, "संदेशचीही मी अशीच काढायची, दर शनिवारी. ह्यांनी मारलं की तोपण असाच कोपऱ्यात बसायचा. तुझा नवरा झाला, बाप झाला, तरी कुणी आवाज चढवला की ताटावरून उठून जातोच ना?"

विनिताने मुठी उघडल्या. मीठमोहरी फरशीवर पसरली. ती लेकासमोर खाली बसली आणि रडायलाच लागली.

"सर्वेश, मी आता तुला मारणार नाही."

हातांच्या मधून एक डोळा दिसला. "उद्या?"

"उद्याही नाही रे. कधीच नाही. तुझी शपथ."

त्याने हात खाली घेतले. तिच्या रिकाम्या तळव्यांकडे नीट बघितलं, आणि मान वळवून विचारलं, "आजी, आई खरं बोलतेय?"

शालनला काही केल्या 'हो' म्हणता येईना.