शून्याखालचे पाच लिटर

"बेचाळीस. पंचेचाळीस. अहो, पंचेचाळीस झाले! अठ्ठेचाळीस! हळू म्हटलं ना!"

आप्पांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांची बायको काटा वाचत होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई ती. मागच्या सीटवर चिटपाखरू नसलं तरी आकडा कसा शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा खणखणीत यायचा.

ही वेळ आली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे. तसं ऑपरेशन झकास झालं होतं. रस्त्याच्या पार टोकाची पाटी आप्पा आता चष्म्याशिवाय वाचत आणि सोबत कुणी असेल तर मोठ्यानं वाचत. पण हाताच्या अंतरावरचं सगळं पुसट झालं होतं. डॅशबोर्डवरच्या तीन गोल मीटरांमध्ये काटा आहे की नाही हेसुद्धा त्यांना दिसेना. डॉक्टरांनी लांबचा आणि जवळचा एकत्र चष्मा दिला, तर तो घातल्यावर रस्ता डुलायला लागे. चष्मा कपाटात गेला आणि बायकोची नेमणूक झाली.

यातली खरी चेष्टा अशी की आप्पा म्हणजे शहरातले मीटरवाले. चाळीस वर्षं गाड्यांचे मीटर दुरुस्त केलेला माणूस. मोटारवाले, टेम्पोवाले, सगळे त्यांच्या छोट्याशा दुकानात मीटर काढून आणायचे. लोक त्यांना मीटरवाले म्हणूनच ओळखायचे. पोस्टमनसुद्धा तेवढंच विचारत घरापर्यंत यायचा. त्यांची स्वतःची गाडी त्यांच्या लग्नाहूनही दोन वर्षांनी जुनी. भंगारातून आणून त्यांनी ती नट न् नट सुटी करून पुन्हा उभी केली होती. आणि त्याच गाडीतले, त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलेले मीटर त्यांना वाचता येत नव्हते.

तीन महिने काटा वाचल्यावर बाईंनी एका सकाळी पदर खोचला आणि निकाल दिला.

"मी आता काटा वाचणार नाही. इतकी वर्षं या गाडीत बसले, तेव्हा बाहेर काय काय असतं ते तरी दिसायचं. आता तुमच्या त्या डबीशिवाय काही दिसत नाही. मला खिडकीबाहेर बघायचंय."

आप्पांनी गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली.

लेक तिथेच होती. आप्पांचं दुकान आता तीच चालवते. पाटीवर तिनं मीटरबरोबर इलेक्ट्रॉनिक्सही लिहून घेतलंय आणि आप्पा त्या शब्दाकडे न बघता आत शिरतात. ती म्हणाली, "आप्पा, डिजिटल बसवू या का? मोठे आकडे. तुम्हाला बिनचष्म्याचे दिसतील."

आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या गाडीत? लुकलुकणारे आकडे? लोक काय म्हणतील, मीटरवाल्याच्या गाडीत घड्याळं लावली?"

"लोकांचं नंतर बघू. आई काय म्हणाली ते ऐकलंत ना?"

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. घराच्याच खिडकीतून, पण मुद्दाम.

शेवटी आप्पा कबूल झाले, पण अटी घालून. डॅशबोर्डला एकही नवं भोक पडता कामा नये. जुन्या चकचकीत कड्या त्याच राहायला हव्यात, काचा त्याच हव्यात. आणि काढलेली एकही वस्तू फेकायची नाही.

"आणखी काही?" लेकीनं विचारलं.

"सुचलं की सांगेन."

काम दुकानामागच्या शेडमध्ये सुरू झालं. आप्पा स्टूल टाकून बसले, हात बांधून, परीक्षेला बसलेल्या मुलांवर नजर ठेवावी तसे. लेकीनं आधी बॅटरीची तार सोडली. मग डॅशबोर्डच्या मागे हात घालून मीटरांचे पितळी नट बोटांनीच सोडवले. पकड लावली असती तर आप्पा ओरडले असते. पण तिनं लावली नाही. सुटणाऱ्या प्रत्येक तारेला कागदी पट्टी चिकटवून तिनं नाव लिहिलं. वेगाच्या मीटरची केबल गिअरबॉक्समध्ये जिथे स्क्रूनं बसते, त्याच जागी तिनं नवा सेन्सर बसवला, म्हणजे नवं भोक नको. आप्पांना हे आधी सुचलं नव्हतं. ते तसं बोलले नाहीत.

खटका उडाला तो पेट्रोलच्या मीटरवरून.

नवा मीटर जुळवायचा तर टाकीत किती असताना काय दाखवायचं हे त्याला शिकवावं लागतं. म्हणून लेकीनं जुना मीटर काढण्याआधी काटा पार शून्यावर टेकेपर्यंत गाडी फिरवली होती. आता तिनं टाकीखालचा बोल्ट काढला आणि उरलेलं पेट्रोल मापाच्या डब्यात घेतलं. काही थेंब येतील अशी तिची अपेक्षा होती. पाच लिटर आलं.

गाडीखालूनच ती म्हणाली, "आप्पा, तुमचा मीटर चुकतोय. चांगला पाच लिटरनं. कधीपासून चुकतोय कोण जाणे!"

मीटरवाल्याच्या मीटरला चुकतोय म्हणायचं, आणि तेही पोटच्या पोरीनं! आप्पांचे कान लाल झाले. खरं तर एका वाक्यात उलगडा झाला असता, कारण तो मीटर चुकत नव्हता. आप्पांनीच तो तसा लावला होता.

दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. त्यांनी एका माणसाचा पेट्रोलचा मीटर दुरुस्त केला, अगदी थेंबाथेंबाचा हिशेब लावून, आणि त्याला बजावून सांगितलं की आता हा सांगेल ते खरं. त्या माणसाची बायको अडली, तो तिला घेऊन दवाखान्याकडे निघाला आणि वाटेत पेट्रोल संपलं. शून्य म्हणजे शून्यच होतं. पुढे कुणाची तरी गाडी मिळाली, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. तो माणूस भांडायलाही आला नाही, उलट पेढे घेऊन आला आणि हसत हसत सगळं सांगून गेला. आप्पांना मात्र तो पेढा गिळवेना. त्या दिवसापासून त्यांच्या हातातून गेलेला प्रत्येक मीटर टाकीत पाच लिटर असतानाच शून्यावर टेकायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर लोकांनी ते पाच लिटरही हिशेबात धरले असते, मग उपयोग काय?

हे सगळं त्या स्टुलावर बसून सांगता आलं असतं. पण चुकतोय हा शब्द असा काही लागला होता की आप्पांनी ब्र काढला नाही. तुझ्या यंत्राला सगळं कळतं ना, कळू दे मग, असं मनाशी म्हणत ते चहा न घेताच घरी गेले. शेडमध्ये लेक मापानं एकेक लिटर टाकीत ओतत बसली.

चार दिवसांनी गाडी दारात आली.

आप्पा आत बसले आणि त्यांनी समोर बोटं फिरवून बघितली. डॅशबोर्ड तोच होता. कड्या त्याच, काचा त्याच, वरचा ओरखडासुद्धा तोच. किल्ली फिरवल्यावर काळ्या तबकड्यांवर आकडे उमटले, मोठे आणि स्वच्छ. पण रंग? आप्पा पुढे वाकले. जुन्या मीटरांच्या मागे एक बारका बल्ब असायचा, त्याचा पिवळसर उजेड. अगदी तोच रंग होता. तिनं तो बल्ब शेजारी लावून जुळवला असणार. त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून तारा चाचपल्या. वीत-वीतभर अंतरावर बांधलेल्या, कुठे लोंबकळणं नाही, कुठे ताण नाही. पाच मिनिटं शोधूनही त्यांना चूक सापडली नाही, याचं त्यांना वाईटही वाटलं आणि छाती फुगलीही.

"बरं आहे," ते म्हणाले.

"बरं आहे म्हणजे अंगावर शाल घातली म्हणायची," लेक आईला म्हणाली.

पुढचा महिना मजेत गेला. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या आणि जे दिसेल ते सांगू लागल्या. म्हणजे आकड्यांच्या जागी आता बगळे आले, एवढाच फरक. मग एका रविवारी दोघं तळ्यावर गेले. निघताना पेट्रोलचा आकडा शंभरातले तीस दाखवत होता. आप्पांनी मनात हिशेब केला, जाऊन येऊन पुरेल. परत येताना तळ्याजवळच्या पंपापाशी बाई म्हणाल्या, "भरायचं का?"

"भरपूर आहे," म्हणत आप्पांनी पंप मागे टाकला.

तीस किलोमीटर आल्यावर आकडा दोनवर आला, तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिशेबात त्यांनी पाच लिटर जास्तीचे धरले होते! इतक्या वर्षांची सवय. जी गोष्ट लोकांनी करू नये म्हणून त्यांनी जन्मभर तोंड बंद ठेवलं, तीच त्यांनी स्वतः केली होती. आणि ते पाच लिटर आता नव्हते. लेकीनं चूक म्हणून काढून टाकले असणार, आणि ती चूक नाही हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. पुढचा पंप सतरा किलोमीटरवर. दोन्ही बाजूंना माळरान. शेजारी गुडघे दुखणारी बायको.

एक झाला. मग शून्य.

इतका स्वच्छ आकडा त्यांना कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

आप्पांनी पाय हलका केला. इंजिनाचा आवाज ते कान देऊन ऐकू लागले. आता आचके देईल, मग बंद पडेल. लेकीला फोन करावा लागेल. मीटरवाल्याची गाडी रस्त्यात, पेट्रोल संपून! पण त्या लाजेपेक्षा दुसरंच काही जास्त टोचत होतं. आपण रागावलो आणि तिला आपलं एकच खरं शिकवायचं राहून गेलं. बाकी सगळं तिला आपल्यापेक्षा जास्त येतं.

"आज तोंड का बंद?" बाईंनी विचारलं. "ते बघा, दोन बगळे."

"बघतो."

एक किलोमीटर गेला. दोन गेले. गाडी आपली चालतेच आहे. चार झाले. चढ आला, तोही चढली. सहा झाल्यावर आप्पांचे खांदे थोडे खाली आले. आठवा किलोमीटरही गेला. मीटरची बारीकशी चूक असती तर गाडी एव्हाना बंद पडली असती. ही चूक नव्हती. हा हिशेब त्यांच्या ओळखीचा होता.

पंप आला. "टाकी पूर्ण भरा," आप्पा म्हणाले आणि खाली उतरून पंपाच्या काचेसमोर उभे राहिले. टाकी चाळीसची. छत्तीसवर नळी खटकन थांबली. म्हणजे शून्यानंतर दहा किलोमीटर येऊनही टाकीत चार लिटर होते. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"पाच लिटर तू ठेवलेस?"

"शून्यावर नेलीत ना गाडी! आई बरोबर आहे का? आप्पा, तुम्हाला काही—"

"विचारलं ते सांग."

"ठेवले. त्या दिवशी मी पटकन बोलून गेले आणि तुम्ही चहा न घेता निघालात. तुम्ही नुसते चिडलात तर दोन कप पिता. तेव्हाच म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मग फळीवर तुम्ही दुरुस्त केलेले, गिऱ्हाइकांनी न नेलेले सात मीटर पडले होते, ते एकेक लावून बघितले. साती लवकर शून्यावर टेकतात. एकच चूक सात वेळा करणारे तुम्ही नाही. माणूस वाटेत अडकू नये म्हणूनच असणार, दुसरं काय?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ते पाच लिटर हिशेबात धरले असते."

आप्पांनी डोळ्यांवरून हात फिरवला. ऑपरेशननंतर डोळ्यांना हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्याला आता कित्येक महिने झाले होते.

"मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "राग आला होता मला."

"माहीत आहे. आणि आप्पा, दुकानातून आता जो मीटर जातो ना, प्रत्येकात ठेवते. कुणाला सांगत नाही."

फोन ठेवून आप्पा वळले, तर पंपावरचा माणूस खिडकीतून आत डोकावत होता. बाई त्याला वेगाचा आकडा कुठे येतो ते दाखवत होत्या.

"काय काम आहे हो काका!" तो म्हणाला. "बाहेरून सगळं जुनं आणि आत हे. इतकं बेमालूम बसवलंय कुणी? तुम्ही मीटरवाले ना? तुम्हीच केलंत?"

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी त्या प्रश्नाला मान हलवून नाही म्हटलं. ती मान ताठ होती.

"मी नाही," ते म्हणाले. "मीटरवाली माझी लेक आहे."