छताकडे बघतं कोण

घरातल्या सगळ्या छतांचा एकदाचा निकाल लावायचा, असे धाकट्याने रात्रीच्या जेवणाला जाहीर केले, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि शांतपणे सांगितले, "माझ्या खोलीचं सोडून."

या थोरल्या बहिणीला घरातली तीन माणसे तीन नावांनी हाक मारत. धाकटा भाऊ ताई म्हणे, भावजय वन्सं म्हणे आणि भाची आत्या. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात ताईंची सारी नोकरी गेली होती. रेघ वाकडी आली की ती खोडत बसायचे नाही, कागद बदलायचा, ही तिथली शिस्त निवृत्तीनंतरही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला आणि पुढचे कित्येक महिने त्या आपल्या खोलीत पाठीवर पडून राहिल्या. आता वॉकर धरून दारापर्यंत येत, जेवायला टेबलाशी बसत. पण दिवसाचा मोठा भाग अजून आडवाच जाई.

घर बांधणाऱ्याने सगळ्या छतांवर ओला गिलावा दातेरी पट्टीने ओढून अर्धवर्तुळे उठवली होती, माशाच्या खवल्यांसारखी एकात एक अडकलेली. त्या काळी तशी हौस होती. आता दिवाणखान्यातल्या खवल्यांत धूळ ठाण मांडून बसली होती, स्वयंपाकघरातली तेलकट झाली होती, आणि येणारा पाहुणा वर बघून 'जुनं काम दिसतंय' म्हणाला की भावजयीला ते टोचे. खवल्यांवरच रंग द्यायचा की ते खरवडून छत सपाट करायचे, एवढाच प्रश्न धाकट्याच्या मते शिल्लक होता. एखादे छत तसेच ठेवायचे, हा पर्याय त्याच्या हिशेबात नव्हता.

"ताई, छताकडे बघतं कोण?" त्याने विचारले.

"कोणी बघत नसेल तर रंगवतोस कशाला?"

भाचीला हसू आले, आणि वडिलांचा चेहरा बघून तिने ते घासाबरोबर गिळले.

"आणि मी बघते," ताई म्हणाल्या. "वर्षभर दुसरं बघितलंय काय?"

भावजयीने मग समजुतीचा सूर लावला. सारे घर लख्ख आणि वन्संचीच खोली तेवढी मळकी, म्हणजे नव्या कोटाला जुने बटण लावल्यासारखे होईल, असे तिचे म्हणणे पडले. शिवाय काम चालेल तोवर वन्संनी चुलत बहिणीकडे राहावे, हवापालट होईल, तिथे लिफ्टही आहे. चुलत बहिणीला विचारूनसुद्धा झाले होते. फक्त वन्संना विचारायचे राहिले होते.

तिथे ताईंच्या मनात पाल चुकचुकली. या घराची एक रीत होती. इथे कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नसे, कोणाचा आवाज चढत नसे. जे नकोसे झाले ते रंगकामाच्या निमित्ताने 'तात्पुरते' बाहेर निघे, आणि रंग वाळेपर्यंत त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून गेलेली असे. वडिलांची आरामखुर्ची अशीच गॅलरीत गेली आणि तिथेच कुजली. शिवणयंत्र असेच माळ्यावर चढले. कोणी कोणाला दोष देऊ शकले नाही, कारण कोणी काही ठरवलेच नव्हते.

त्यातून, धाकटा नुकताच टेप घेऊन ताईंच्या खोलीत येऊन गेला होता. रंगासाठी मापे घेतो म्हणाला. पण त्याने मोजली ती खिडकीखालची जागा, आणि तीही टेबलाच्या उंचीपर्यंत. कोणते माप कशासाठी घेतात हे नकाशे काढलेल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. भाची हल्ली घरूनच नोकरी करी आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन अवघडलेली बसे. तिला खोली हवी होती, हे उघड होते. ती कोणाची, एवढेच कोणी बोलत नव्हते. आपण एकदा बाहेर पडलो की ही खोली परत मिळायची नाही, हे ताईंना कळून चुकले. छताला हात लागला तर बाहेर जावे लागणार. तेव्हा छताला हात लागू द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. बोलका, पोट सुटलेला, डोक्याला रुमाल बांधलेला. सगळ्या खोल्या फिरून शेवटी तो ताईंच्या पलंगाशी उभा राहिला. मागे धाकटा. रंगाऱ्याने स्टुलावर चढून छतावर नख ओढून पाहिले आणि सांगितले की, हा जुना थर पाणी पितो. ओला रोलर फिरवला तर खवले सुटून रोलरलाच चिकटतील. खरवडायचे तर सगळेच खरवडा, पण मग खोली पूर्ण रिकामी पाहिजे. नाहीतर आहे तसे ठेवा, कोरड्या कुंचल्याने झाडून घ्या.

"खरवडा," धाकटा म्हणाला. "ताई, ऐकलंस ना? खोली रिकामी लागेल."

"ऐकलं. आता दोघं आडवे व्हा."

धाकट्याला वाटले, बहिणीचे डोके फिरले.

"उभ्यानं छताचा निकाल कसला लावता? मी जिथून बघते तिथून बघा, मग बोला. ती सतरंजी घ्या खाली."

आजवर गिऱ्हाइकांनी आपल्याला शिडीवर टांगले, उन्हात उभे केले, पण झोप म्हणणारे पहिलेच भेटले, असे म्हणत रंगारी खरोखरच सतरंजीवर पसरला. मग एकट्याने उभे राहणे धाकट्याला जास्त वेड्यासारखे वाटू लागले. कंबर धरून, कुरकुरत, तोही त्याच्या शेजारी आडवा झाला.

ताईंनी पडल्या पडल्या बोट वर केले. दारापासूनची सगळी अर्धवर्तुळे उजवीकडे उघडतात. खिडकीच्या कोपऱ्यात मात्र ती डावीकडे वळतात, आणि जरा घाईतही आहेत. तिथे दुसऱ्या माणसाने काम हाती घेतले असणार.

"डावखुरा असेल," रंगारी रमून म्हणाला. "शिडीवरून हे दिसायचं नाही हो. फार जवळ येतं सगळं."

"मला वर्ष लागलं," ताई म्हणाल्या. "बरं, आता दुसरं. मी चुलत बहिणीकडे गेले, तर परत याच खोलीत येणार का?"

धाकटा उभा असता तर त्याने चष्मा पुसला असता, फोन काढला असता, खिडकीशी जाऊन गाड्यांचा आवाज किती वाढलाय म्हणाला असता. पाठीवर पडलेल्या माणसाला यातले काहीच जमत नाही. शेजारी परका माणूस, वर खवले.

"दिवाणखान्यात तुझी मस्त सोय करणार होतो," शेवटी तो छतालाच म्हणाला. "टीव्ही समोर, माणसांची ये-जा..."

"मला विचारणार कधी होतास?"

"रंग झाल्यावर."

रंगाऱ्याला उठावे की पडून राहावे ते कळेना. तो डावखुऱ्या कोपऱ्याकडे अगदी मन लावून बघत राहिला.

दारात भाची उभी होती. कधी आली ते कोणाला कळले नव्हते. "बाबा, तुम्ही तर म्हणालात, आत्याच म्हणाली खोली घे म्हणून."

यावर धाकट्याने डोळे मिटून घेतले.

"हे बघ," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्या घराला सवय नव्हती इतका वर गेला. "मागितली असतीस तर मी नाहीच म्हणाले असते, हेही ऐकून ठेव. माझी खोली आहे. पण मला तोंडावर 'नाही' म्हणता आलं असतं, आणि तुम्हाला माझ्याशी भांडता आलं असतं. भांडायचं असेल तर समोर या. रंगाचे डबे पुढे करू नका."

धाकट्याला उठायचे होते, पण कंबरेने दगा दिला. रंगाऱ्याने काखेत हात घालून त्याला उभे केले, तेव्हा कुठे तो बाहेर जाऊ शकला.

ताई चुलत बहिणीकडे गेल्या नाहीत. फोन त्यांनी स्वतः केला आणि हवापालटाची गरज इथल्या काही मंडळींना आहे, त्यांची सोय होईल का, असेही विचारून घेतले. भावजय दोन दिवस भांडी आपटत वावरली. वन्संनी तिलाही बोलावून, आपटायचे तर खोलीत येऊन आपट, असे सांगितले. ती आली, दारापाशी उभी राहिली, आणि पाहुण्यांपुढे तिची कशी मान खाली जाते ते पहिल्यांदाच मोकळेपणी बोलली. ताईंनी सगळे ऐकून घेतले. छत मात्र दिले नाही.

भाची एका संध्याकाळी एकटीच आली. सकाळच्या वेळी खिडकीखाली टेबल टाकून बसू का, असे तिने नीट, डोळ्यांत डोळे घालून विचारले. ताईंनी 'विचार करून सांगते' म्हटले, आणि खरोखरच विचार करायला घेतला. घाई केली नाही.

दिवाणखान्याचे छत खरवडायला सुरुवात झाली त्या सकाळी पांढऱ्या धुळीचा लोट ताईंच्या उंबऱ्यापर्यंत आला. धाकटा तोंडाला फडके बांधून दारात उभा राहिला. ही धूळ छातीत बसेल, अजून वेळ गेलेली नाही, गाडी खाली उभीच आहे, असे तो म्हणाला.

"दार लावून घे," ताई म्हणाल्या. मग वॉकर ओढत त्या स्वतःच आल्या. "नको. मीच लावते."

त्यांनी आतून कडी घातली, फटीत ओला टॉवेल दाबला आणि पलंगावर येऊन पडल्या. भिंतीपलीकडे खरवडायचा पत्रा गिलाव्यावर करकरत होता आणि ढपले जमिनीवर पडत होते.

दुपारी दारावर टकटक झाली. रंगारी होता. धाकट्या साहेबांनी निरोप दिलाय, असे तो दाराआडून ओशाळून म्हणाला. चौकटही आजच रंगवून घ्यायची आहे, दार दिवसभर उघडे ठेवावे लागेल, आणि तोवर आपण जरा दुसरीकडे बसलात तर बरे.

"चौकट कुठल्या बाजूची?" ताईंनी पडल्या पडल्याच विचारले.

"दोन्ही बाजूंची."

"तुमच्या बाजूची रंगवा," त्या म्हणाल्या. "इकडची माझी आहे."