फोटो हललेला नाही

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. जुना म्हटल्यावर कुणाला माझी कीव येत असेल, तर त्याने ती स्वतःजवळच ठेवावी. माझी काच स्वच्छ आहे, बटणे दाबली जातात, आणि दर सोमवारी सकाळी मला कामावर जायचे असते.

मित्रांनो, पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला बनवले. माझ्या पोटात त्यांनी नखाएवढी एक चकती बसवली. डोळ्यातून आत आलेला उजेड तीच टिपते. सोबत एक जाडजूड पुस्तिकाही दिली. ती माझ्या पहिल्या मालकाने कधी उघडली नाही.

हा मालक म्हणजे एका वर्कशॉपचे साहेब. तिथे मोठमोठे पंप दुरुस्त होत. पहिली दोन वर्षे माझा काय थाट होता! नवे यंत्र आले की मला बोलावणे, पाहुणे आले की मला बोलावणे. साहेब माझ्या डोक्यावरची चकरी कायम हिरव्या खुणेवर ठेवत. म्हणजे सगळा विचार मी करायचा आणि शाबासकी त्यांनी घ्यायची. दिवसाढवळ्या ते फ्लॅश मारत. फोटोतली माणसे पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखी दिसत, तरी सगळे म्हणत, "वा साहेब, काय फोटो आलाय."

मग एक दिवस मी टेबलावरून पडलो. चकरी अशी अडकली की हिरवी खूण कायमची गेली. आता उजेड, वेळ, अंतर सगळे माणसाने स्वतः ठरवले तरच मी चालणार होतो. साहेबांनी दोन वेळा बटण दाबून पाहिले, दोन्ही फोटो काळे आले. तेवढ्यावर त्यांनी माझ्यावर "खराब" अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला स्टोअरच्या कपाटात टाकले. मित्रांनो, तो शब्द मला अजून झोंबतो. मी बिघडलो नव्हतो. फक्त दुसऱ्याच्या वाटचा विचार करणे मी बंद केले होते.

चार वर्षांनी कपाट उघडले ते मिस्त्रीसाठी.

मिस्त्रीने तीस वर्षे लेथवर काढली होती. लोखंडाचा तुकडा अंगठ्याने चाचपून तो केसाएवढा फरक सांगायचा. पुढे त्याचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, हे आता असेच राहणार. मग त्याला लेथवरून उठवून तपासणीच्या टेबलावर बसवले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाचा फोटो काढायचा आणि नोंद ठेवायची, हे त्याचे नवे काम. साहेबांनी मला त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "हा घ्या. नाहीतरी पडूनच आहे."

आम्हा दोघांनाही ते लागू होते.

पहिल्या दिवशी आम्ही चाळीस फोटो काढले. चाळीसच्या चाळीस हललेले. संध्याकाळी फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिले, "भूकंप मिस्त्री". तो सगळ्यांबरोबर हसला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत मला मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिला, आणि परवानगी मागून मला घरी घेऊन गेला.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. तिने ते फोटो पाहिले. हसली नाही आणि हळहळलीही नाही.

"सुई ओवताना माझाही हात हलतो," ती म्हणाली. "वय काय तुमचंच झालंय? मी काय करते ते बघा."

तिने कोपर बरगडीशी घट्ट दाबले, श्वास हळूच सोडला, आणि श्वास संपता संपता दोरा सुईत गेला.

"श्वास आत असताना ओवायला गेलात तर जन्मात जमायचं नाही," ती म्हणाली. "आता हे सदऱ्याचं बटण घ्या. हे नीट येईपर्यंत दुसरं काही काढू नका."

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. खिडकीत एक काळे बटण, खाली काळे कापड. रोज कामावरून आल्यावर, उजेड असेपर्यंत, वीस फोटो. मिस्त्रीने माझी ती पुस्तिका कपाटातून शोधून आणली होती. माझा डोळा किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा आणि कमी उजेडात मला किती ताण द्यायचा, या तीन गोष्टींतच सगळे आहे हे त्याला कळले. ताण जास्त दिला तर माझ्या फोटोत वाळू सांडल्यासारखे कण येतात. वेळ जास्त दिला तर हाताची थरथर दिसते. डोळा फार उघडला तर बटणाची एकच कड स्पष्ट येते आणि बाकीचे धूसर. काय केले आणि काय आले, हे तो वहीत लिहून ठेवायचा. रोज एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चूक कुठे झाली ते समजते.

एकदा बायकोने शिवणयंत्राचा दिवा उचलून बटणाच्या बाजूला, अगदी खाली ठेवला. समोरून सपाट दिसणाऱ्या त्या बटणावरचे सगळे ओरखडे एकदम उठून दिसले. मिस्त्री बघतच राहिला.

"फ्लॅश सगळं झाकतो की ग," तो म्हणाला.

"मग? कापडावरचा डाग गेलाय का हे मी उन्हात तिरकं धरूनच बघते," ती म्हणाली.

पुढे त्याने जुन्या पाइपांची तीन पायांची एक तिकाटणी जोडली आणि मला तिच्यावर बसवले. माझ्यात एक सोय आहे. बटण दाबल्यावर दोन सेकंद थांबून मी फोटो काढतो. त्या दोन सेकंदांत त्याचा हात माझ्यापासून दूर गेलेला असे. मग तो कितीही हलो, माझे काय जाते? सहा महिन्यांनी आमच्या फोटोंत स्क्रूचे आटे मोजता येऊ लागले. कुणी कौतुक केले नाही. आमचे त्यावाचून अडलेही नाही.

वर्कशॉपमध्ये तीन क्रेन होत्या. त्यांच्या हुकांचे फोटो काढायला मिस्त्रीला कुणी सांगितले नव्हते. तो आपणहून दर सोमवारी, क्रेन सुरू व्हायच्या आधी काढायचा. जमिनीवर खडूच्या खुणा केलेल्या असत, म्हणजे तिकाटणी प्रत्येक वेळी त्याच जागी उभी राहील. टॉर्च डावीकडून खाली धरायचा. हुकाला चुंबकाने पोलादी मोजपट्टी चिकटवायची. सगळे दर वेळी सारखे, तिळाइतकाही फरक नाही.

अशाच एका सोमवारी मोठ्या हुकाच्या आतल्या वळणावर मला एक काळी रेघ दिसली. मिस्त्रीने ती रॉकेलच्या फडक्याने पुसली. ती गेली नाही. तिथल्या फोरमनला त्याने दाखवली, तर तो म्हणाला, लक्ष ठेव. पुढच्या सोमवारी ती वाढलेली होती. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी.

मिस्त्रीने तिन्ही फोटो संगणकावर शेजारी शेजारी लावले आणि साहेबांना बोलावले. त्या दिवशी एक भलामोठा पंप ट्रकवर चढवायचा होता. साहेब घाईत होते.

"ओरखडा आहे, मिस्त्री. साखळी घासली असेल."

"ओरखडा वाढत नाही, साहेब. ही नऊ मिलिमीटर, ही अकरा, आणि आजची पंधरा."

"तपासणीचा दाखला आहे आपल्याकडे. अजून पाच महिने बाकी आहेत." मग साहेबांनी आवाज खाली आणला, आणि तेच मला जास्त लागले. "राग मानू नका, पण तुमचा हात हलतो. फोटो हलला की रेघ लांब दिसणारच."

मी टेबलावर होतो. मला तोंड असते तर मी काय बोललो असतो ते मुलांना सांगण्यासारखे नाही.

मिस्त्रीचा उजवा हात टेबलावर थरथरत होता. एरवी तो खिशात घालायचा. त्या दिवशी त्याने तो तिथेच राहू दिला.

"रेघ सोडा, साहेब," तो म्हणाला. "शेजारची पट्टी बघा. तिच्यावरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा मोजता येतात का तुम्हाला?"

साहेबांनी चष्मा लावला. फोटो मोठा केला. बोटाने खुणा मोजल्या.

"येतात."

"हात हलला असता तर त्या एकमेकींत मिसळल्या असत्या. हात माझा हलतो. फोटो हललेला नाही."

साहेबांनी चष्मा काढला. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "बरं, पण गाडी दारात उभी आहे. आजचं एवढं उचलून देऊ, मग हुक उतरवू."

उशीर का होतोय हे विचारायला आलेली, क्रेन चालवणारी ताई दारातच उभी होती. ती आत आली आणि वाकून तिन्ही फोटो नीट पाहिले.

"मी नाही उचलणार," ती म्हणाली.

"दाखला आहे, ताई."

"दाखला सात महिन्यांपूर्वीचा आहे, साहेब. हा फोटो आज सकाळचा आहे." तिने क्रेनची किल्ली माझ्या शेजारी ठेवली. "खाली माझी माणसं उभी असतात. दुसरं कुणी चालवणार असेल तर त्यालाही आधी हे दाखवा."

कुणीही किल्ली उचलली नाही. ट्रक रिकामा परत गेला. दोन दिवस साहेब मिस्त्रीशी बोलले नाहीत, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी ताईशिवाय कुणी बसले नाही. तिसऱ्या दिवशी बाहेरचा तपासनीस आला. त्याने हुकाला लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. पांढऱ्यावर, तड्यात मुरलेल्या रंगाची लाल रेघ हळूहळू उमटली, अगदी आमच्या फोटोतल्या जागी. नंतर हुक करवतीने कापला. रेघ नुसती वरची नव्हती, लोखंडाच्या जाडीत एक तृतीयांश आत गेली होती.

साहेबांनी तो तुकडा किती तरी वेळ हातात धरला. मग म्हणाले, "मिस्त्री, सगळ्या हुकांचे फोटो काढत चला. दर सोमवारी."

"काढतोच आहे, साहेब," मिस्त्री म्हणाला.

त्यानंतर वर्कशॉपमध्ये एक नवा कॅमेरा आला. मिस्त्री त्याच्यावर ताईला शिकवतो. तिचा हात दगडासारखा स्थिर आहे, तरी पहिल्या दिवशीचे सगळे फोटो हललेले आले. मिस्त्रीने तिला कोपर बरगडीशी धरायला सांगितले आणि एक बटण दिले.

मित्रांनो, माझ्या चकतीवरचे तीन ठिपके आता मेले आहेत. प्रत्येक फोटोत ते काळे दिसतात. मिस्त्रीला त्यांच्या जागा पाठ आहेत. तो मला बोटभर डावीकडे सरकवतो, म्हणजे ठिपके मागच्या भिंतीवर पडतात आणि लोखंड मोकळे राहते. माझी काळजी घेणे म्हणजे हेच. मला मखमलीत गुंडाळू नका. काच मऊ कापडाने पुसा, ओलीपासून जपा, बॅटरी वेळेवर भरा आणि मला कामाला लावा. फोटो बिघडला तर माझ्याकडे बोट दाखवण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघा. आणि एकच गोष्ट शंभर वेळा टिपायला लाजू नका.

माझ्यात अजून किती फोटो शिल्लक आहेत, मला ठाऊक नाही. पण ते कपाटात पडून संपवायचे नाहीत, एवढे मी ठरवले आहे.